गोळीचे ज्यूल, कुंडीचे ज्यूल

"एक लाख एकेचाळीस हजार पाचशे सत्तर ज्यूल," नववीतली एक मुलगी वही माझ्यापुढे सरकवत म्हणाली. "काका, बरोबर आहे ना?"

दुबई मरीनातल्या आमच्या इमारतीत शनिवारी सकाळी चार-पाच मराठी मुलं माझ्याकडे विज्ञान आणि गणित घेऊन बसतात. ही मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरला आजोळी गेली होती. १ ऑगस्ट २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा ती तिथेच होती. मामाने तिला नेमबाज तेजस्विनी सावंतबद्दल सांगितलं, राही सरनोबतबद्दल सांगितलं, आणि ती डोक्यात एकच प्रश्न घेऊन परत आली: एवढ्याशा गोळीत जोर किती असतो? मी तिला वस्तुमान आणि वेग दिला, सूत्र तिच्या पुस्तकात होतंच. उत्तर आलं ते हे, १,४१,५७० ज्यूल.

मी तिला चूक-बरोबर काही सांगितलं नाही. एक दुसरं गणित घातलं. दीड हजार किलोची मोटार ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, तिची गतिज ऊर्जा काढ. तिने काढली, १,४४,००० ज्यूलच्या आसपास आली. मग दोन्ही आकड्यांकडे बघत ती गप्प बसली. नखाएवढी शिशाची गोळी आणि खालच्या रस्त्यावरून जाणारी मोटार सारख्याच जोराची असू शकत नाही, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कुठे घसरलो तेही तिनेच शोधलं: ग्रामचे किलोग्राम करायचे राहिले होते.

तुमच्या घरी नववी-दहावीतलं मूल असेल, तर हे गणित त्याच्याबरोबर बसून जरूर करा. सीबीएसई असो की महाराष्ट्र बोर्ड, 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा नववीत येतोच, आणि मुलं तो पाठ करून पुढे जातात. गोळीचं उदाहरण त्यांना थांबवतं. बंदुकीला हात लावायची गरज नाही. कागद, पेन्सिल, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि थोडी कणीक एवढं पुरे.

सूत्र सगळ्यांना माहीत आहे: गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वस्तुमान किलोग्राममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर ज्यूलमध्ये. ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत जी गोळी वापरतात तिला 'पॉइंट टू टू' म्हणतात, कारण नळीचा व्यास साधारण ०.२२ इंच असतो. गोळीचं वस्तुमान सुमारे २.६ ग्राम, नळीतून बाहेर पडतानाचा वेग सुमारे ३३० मीटर प्रति सेकंद. आता २.६ ग्राम म्हणजे ०.००२६ किलोग्राम. त्याचं अर्धं ०.००१३. ३३०चा वर्ग १,०८,९००. गुणाकार १४१.५७. वहीत १४२ ज्यूल लिहा, बोलताना १४० म्हणा. दिलेले आकडेच दोन अंकांपुरते अचूक असताना उत्तर दशांशचिन्हानंतर चार घरं लिहिण्यात अर्थ नाही. मुलांना ही सवय आत्ताच लावा, पुढे प्रयोगशाळेत फार उपयोगी पडते.

एककांवर मी थोडा रेंगाळतो, कारण निम्म्याहून जास्त चुका तिथेच होतात. काडतुसांच्या खोक्यावर गोळीचं वजन बहुधा 'ग्रेन'मध्ये आणि वेग फूट प्रति सेकंदात छापलेला असतो. ४० ग्रेन हे वाचून मुलं ४० ग्राम समजतात आणि उत्तर पंधरा पटींनी फुगतं. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपल्या सोनारांच्या गुंजेसारखंच माप. एक ग्रेन ०.०६४८ ग्रामचा. लक्षात ठेवायची माझी युक्ती तोळ्याची आहे. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रामचा, आणि दुबईच्या सोनेबाजारात दहा तोळ्यांची लगड अजूनही चालते. चाळीस ग्रेनची गोळी म्हणजे पाव तोळ्याहूनही कमी. ज्या घरात तोळ्याचा अंदाज हाताला आहे, तिथे ही गोळी केवढीशी ते लगेच कळतं. वेगाचं सोपं आहे: फुटाला ०.३०४८ने गुणा. १,०८० फूट प्रति सेकंद म्हणजे ३२९ मीटर प्रति सेकंद. रस्त्यावरच्या वेगाला ३.६ने भागा, ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर, हा एक दाखला पाठ असला की भागायचं की गुणायचं हा गोंधळ होत नाही.

आता वर्ग कशासाठी? मुलं हा प्रश्न विचारत नाहीत, आणि विचारत नाहीत म्हणूनच आपण तो काढावा. वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट व्हावा असं कुणालाही वाटेल. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही तसंच वाटत होतं. वस्तुमान गुणिले वेग हेच गतीचं खरं माप, असं एक गट म्हणे, तर वेगाचा वर्ग घ्यायला हवा असं लायब्निट्स आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणत. १७२०च्या दशकात हॉलंडमधल्या विलेम स् खाव्हेसांडे या प्राध्यापकाने मऊ मातीवर पितळी गोळे टाकून पाहिले आणि खड्डा वर्गाच्या हिशेबाने पडतो असं दाखवलं. फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हीच बाजू मांडली. हा इतिहास आणि त्यातली एक स्त्री, दोन्ही गोष्टी मी मुलींना मुद्दाम सांगतो.

तो प्रयोग घरी करता येतो. पुऱ्यांना भिजवतो तशी घट्ट कणीक एका खोलगट डब्यात पाच-सहा सेंटीमीटर जाड थापा. चपट्या बुडाची एक लहान प्लास्टिकची डबी घ्या. तांदूळ भरून डबीसकट वजन ५० ग्राम करा आणि ती १०० सेंटीमीटरवरून कणकेवर सोडा. खड्ड्याची खोली मोजा. कणीक पुन्हा थापून सारखी करा. आता त्याच डबीत नाणी आणि तांदूळ मिळून वजन १०० ग्राम करा आणि ५० सेंटीमीटरवरून सोडा. दोन्ही खड्डे जवळपास सारखे येतील. जोराचं माप नुसतं वस्तुमान गुणिले वेग असतं, तर जड डबीचा खड्डा मोठा यायला हवा होता, कारण तो गुणाकार तिचा जास्त भरतो. मग तीच ५० ग्रामची डबी आधी २५ आणि नंतर १०० सेंटीमीटरवरून टाका. जमिनीशी येतानाचा वेग पहिल्या वेळी सेकंदाला २.२ मीटर, दुसऱ्या वेळी ४.४. वेग दुप्पट, खड्डा मात्र चौपटीच्या आसपास. तंतोतंत चौपट येणार नाही. कणीक कुठे सैल असते, डबी थोडी तिरकी पडते. तीन-तीनदा टाकून सरासरी घ्या. डबी सोडायची, ढकलायची नाही, एवढं पथ्य पाळा.

हा चौपटीचा हिशेब एकदा हातात बसला की मरीना वॉकवरची इलेक्ट्रिक स्कूटर वेगळी दिसू लागते. चालवणारा आणि स्कूटर मिळून ८५ किलो धरा. ताशी २० किलोमीटरला १,३१० ज्यूल होतात. ताशी ३०ला २,९५०. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. मुलांना "हळू चालव" हे शंभरदा सांगून जे पोचत नाही, ते त्यांनी स्वतः काढलेल्या या दोन आकड्यांनी पोचतं, हा माझा अनुभव आहे.

परत गोळीकडे. १४० ज्यूल हा आकडा कुठला? नळीच्या तोंडापाशी असतानाचा. लक्ष्यापर्यंत जाईतो हवा वेग खाते. ५० मीटरवर तो सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास उरतो. तेव्हाची ऊर्जा ११७ ज्यूल. म्हणजे वेगात एक-दशांश घट झाली तर ऊर्जेत जवळजवळ एक-षष्ठांश. म्हणून "गोळीची ऊर्जा किती" असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारा, कुठे असताना? जाता जाता: हे ५० मीटर पार करायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला बारा-तेरा सेंटीमीटर खाली ओढतं. नेमबाज रायफलची दृष्टिरेषा त्या हिशेबानेच बसवतात.

नंतरचा प्रश्न मुलं हमखास विचारतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने रायफलही मागे येते, मग नेमबाजाच्या खांद्याला १४० ज्यूल का लागत नाहीत? इथे संवेग आणि ऊर्जा यांतला फरक नीट उलगडतो. गोळीचा संवेग ०.००२६ गुणिले ३३०, म्हणजे ०.८६. रायफल सहा किलोची धरली तर तेवढ्याच संवेगाने तिचा मागे येण्याचा वेग सेकंदाला ०.१४ मीटर, वीतभराहूनही कमी. तिची गतिज ऊर्जा ०.०६ ज्यूल. (नळीतून सुटणाऱ्या वायूचा वाटा मी सोडून दिला आहे, तो धरला तर आकडा थोडा वाढेल, चित्र बदलणार नाही.) संवेग दोघांचा सारखा, पण ऊर्जेची वाटणी वस्तुमानाच्या उलट प्रमाणात: रायफल गोळीच्या तेवीसशे पट जड, म्हणून तिच्या वाट्याला ऊर्जा तेवीसशे पट कमी. जड रायफल नेमबाजाला स्थिर ठेवते ती काही अंशी याचमुळे.

याच फरकावर उभं असलेलं एक उपकरण मला फार आवडतं. गोळीचा वेग मोजायला आज इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत. १७४२ साली ती नव्हती. त्या वर्षी इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने तोफखान्याच्या शास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात लंबकाची रीत मांडली. दोरीला जड लाकडी ठोकळा टांगायचा, गोळी त्यात रुतू द्यायची आणि ठोकळा किती वर झुलला ते पाहायचं. अकरावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या गणितांत हा लंबक दरवर्षी कुठे ना कुठे भेटतो, आणि हुशार मुलं तिथेच फसतात.

ती फसतात कशी ते पाहा. ठोकळा दोन किलोचा. मूल म्हणतं, गोळीची ऊर्जा १४२ ज्यूल, ती सगळी ठोकळ्याच्या उंचीत गेली. १४२ भागिले २ भागिले ९.८. उत्तर ७.२ मीटर. म्हणजे पाव तोळ्याच्या गोळीने दोन किलोचा ठोकळा दुसऱ्या मजल्याच्या वर उडवला! पहिल्या गणितातली मोटार आठवली की इथेही मनात शंका यायला हवी. बरोबर वाट दोन पायऱ्यांची आहे. गोळी लाकडात रुतते तेव्हा गतिज ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो. संवेग ०.८६, एकत्रित वस्तुमान २.००२६, म्हणून ठोकळा निघतो सेकंदाला ०.४३ मीटरने. इथून पुढे झुलताना ऊर्जा टिकते: वेगाचा वर्ग भागिले १९.६, उत्तर ०.००९४ मीटर. साडेनऊ मिलिमीटरही नाही. ७.२ मीटर आणि ९ मिलिमीटर, एवढा फरक एका पायरीच्या घाईने पडतो. रुतल्यानंतर ठोकळ्याकडे उरलेली ऊर्जा ०.१८ ज्यूल. बाकीची १४१ ज्यूलहून अधिक ऊर्जा लाकूड फाटण्यात, गोळी चेपण्यात आणि उष्णतेत गेली. मुलाला विचारा, "गेली कुठे?" या प्रश्नाला उत्तर न देता वही मिटू देऊ नका. गोळीच्या सगळ्या गणितात मला हाच प्रश्न मोलाचा वाटतो.

कारण एकूण ज्यूल सारखे असूनही परिणाम अगदी वेगळा असू शकतो. याचं एक उदाहरण इथल्याच मातीतलं आहे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात दुबईच्या राजघराण्यातले शेख अहमद बिन हाशर अल मक्तूम यांनी सुवर्णपदक जिंकलं. संयुक्त अरब अमिरातीचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. त्याच फेरीत रौप्यपदक मिळालं भारताच्या राज्यवर्धनसिंह राठोड यांना. दोन्ही देशांना आपलं मानणाऱ्या आमच्यासारख्या घरांत ही गोष्ट मुलांना सांगावी अशी आहे. तर त्या खेळात बंदूक शॉटगन असते. एका काडतुसात साधारण २४ ग्राम छर्रे, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. गतिज ऊर्जा: ०.०१२ गुणिले १,६०,०००, म्हणजे १,९२० ज्यूल. रायफलच्या गोळीच्या तेरा-चौदा पट. पण हे २४ ग्राम सुमारे ३०० छऱ्र्यांत वाटलेले असतात, एकेका छऱ्र्याच्या वाट्याला नळीच्या तोंडाशी जेमतेम साडेसहा ज्यूल. आणि इतका हलका छर्रा हवेत फार लवकर मंदावतो. उडत्या मातीच्या तबकडीला तडा जायला तेवढं पुरतं. जवळून मात्र तीच बंदूक अतिशय घातक, कारण तेव्हा छर्रे पांगलेले नसतात आणि सगळे १,९२० ज्यूल एकाच ठिकाणी पडतात.

हा साडेसहाचा आकडा अंजली भागवतच्या बंदुकीशीही ताडून बघा. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजलीने ज्या १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत धडक मारली, तिचा छर्रा अर्ध्या ग्रामच्या जरासा वर, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ऊर्जा साडेसात ज्यूल. भारताच्या २०१६च्या शस्त्र नियमांत एअर गनसाठी रेषा आखली आहे तीही ज्यूलमध्येच: २० ज्यूलच्या वर किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठी नळी असेल तर परवाना हवा.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तो नियम भारतातला आहे. अमिरातीत शस्त्रांचे कायदे वेगळे आणि कडक आहेत. गावाकडून येताना मुलाच्या बॅगेत एअर गन, छऱ्र्यांची डबी, कुठल्या प्रदर्शनात मिळालेलं काडतूस किंवा काडतुसाचं किचेन चुकूनही ठेवू नका. विमानतळावरच्या यंत्राला ते काडतूसच दिसतं आणि तिथे "शाळेच्या प्रकल्पासाठी आणलं" हे उत्तर चालत नाही. मुलाला नेमबाजी प्रत्यक्ष बघायचीच असेल तर मरीनाहून अबू धाबीच्या दिशेला जेबेल अलीत शूटिंग क्लब आहे. वयाची आणि कागदपत्रांची अट आधी फोनवर विचारून प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच जा.

हवेत झाडलेल्या गोळीबद्दलही मुलं विचारतात. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार झाल्याच्या बातम्या त्यांनी पाहिलेल्या असतात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने सरळ वर गोळ्या झाडून हे तपासलं होतं. ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने त्याची हकिगत लिहून ठेवली आहे. लष्करी रायफलची ९.७ ग्रामची गोळी वर जाताना सुमारे ३,३०० ज्यूल घेऊन जाते आणि परत येते तेव्हा हवेमुळे वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात असतो. ऊर्जा ३९ ज्यूल. मूळच्या सव्वा टक्का. पण "सव्वाच टक्का" म्हणून निश्चिंत होऊ नका. ते ३९ ज्यूल बोटाच्या टोकाएवढ्या जागेत पडतात, आणि तिरकी झाडलेली गोळी याहून बरीच जास्त ऊर्जा राखून खाली येते. अशा गोळ्यांनी माणसं मेली आहेत.

याच्या अगदी उलट टोकाला आमच्या खिडकीतून दिसणारी झिपलाइन. जुमेरा बीच रेसिडेन्समधल्या अमवाज टॉवरवरून, साधारण १७० मीटर उंचीवरून, माणसं तारेला आडवी टांगून निघतात आणि एक किलोमीटर पार करून दुबई मरीना मॉलवर उतरतात. वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. ७० किलोच्या माणसाची गतिज ऊर्जा १७,३०० ज्यूल. आपल्या रायफलच्या १२० गोळ्यांएवढी! तरी माणूस हसत उतरतो. कारण ती ऊर्जा पट्ट्यांवाटे सगळ्या धडावर पसरून, हळूहळू आणि बऱ्याच लांबीवर काढून घेतली जाते. २० मीटरमध्ये थांबवलं असं धरलं तर सरासरी बल ८६५ न्यूटन, त्या माणसाच्या वजनापेक्षा थोडंसंच जास्त. गोळी मात्र पाच सेंटीमीटर लाकडात थांबली, तर १४२ भागिले ०.०५, सरासरी २,८०० न्यूटन, तेही मसुराच्या दाण्याएवढ्या तोंडावर. उताराचा हिशेबही करून घ्या: ७० किलो, १७० मीटर, म्हणजे वरच्या टोकाला स्थितिज ऊर्जा सव्वा लाखाच्या जरा खाली. मॉलचं टोक जमिनीपासून उंच असल्याने त्यातली सगळी वापरात येत नाही, पण जी येते तिचाही मोठा भाग वाटेत हवा घेते. नाहीतर ताशी ८० ऐवजी वेग दोनशेच्या दिशेने गेला असता.

स्थितिज ऊर्जेपाशी आलो की मला जे आधीपासून सांगायचं होतं त्यापाशी येतो. मरीनात गोळ्या चालत नाहीत. इथे ज्यूल असतात ते उंचीत. प्रिन्सेस टॉवरचे १०१ मजले, त्याच्या आजूबाजूला तसेच भलेमोठे शेजारी, आणि खाली दिवसभर माणसांनी भरलेला मरीना वॉक. बाल्कनीत आपण काय काय ठेवतो ते एकदा डोळ्यांपुढे आणा. कठड्यावर वाळत घातलेल्या हँगरपासून दिवाळीच्या पणत्यांपर्यंत. आणि तुळस.

तिसाव्या मजल्यावरची तुळशीची कुंडी घ्या. ओल्या मातीसकट तीन किलो. मजल्याला सव्वातीन-साडेतीन मीटर धरले तर उंची सुमारे १०० मीटर. ३ गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे २,९४० ज्यूल. ही वरची मर्यादा, हवा नाहीच असं धरून. हलक्या, पसरट वस्तूंच्या बाबतीत ही मर्यादा खऱ्या आकड्यापासून फार दूर असते. पन्नास ग्रामच्या पणतीचे कागदावर ४९ ज्यूल येतात, पण ती सेकंदाला पंधराएक मीटरच्या वर वेग घेत नाही आणि खाली पाच-सहा ज्यूलनेच पोचते. अंजलीच्या छऱ्र्याच्या आसपास. कुंडीला हवा एवढं अडवू शकत नाही. माझ्या हिशेबाने ती जमिनीशी सेकंदाला ३५ मीटरने, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरने येते, ऊर्जा १,८०० ते २,००० ज्यूल.

वर आलेला शॉटगनचा आकडा पुन्हा पाहा. १,९२०.

त्या शनिवारी हा शेवटचा गुणाकार झाल्यावर माझ्यासमोरची मुलं बाल्कनीच्या दिशेने बघायला लागली. माझी स्वतःची कुंडी गेली तीन वर्षं कठड्याला लावलेल्या लोखंडी कड्यात होती. तिथे ऊन चांगलं मिळतं म्हणून बायकोने हौसेने लावलेली. शमाल वारा सुटला की रात्री कडं वाजायचं, आणि आम्ही उठून खिडकी लावून घ्यायचो.

तुम्ही हे गणित तुमच्या मजल्यासाठी करा. उंची माहीत नसेल तर मजले गुणिले ३.३ चालेल. वजन काट्यावर बघा, अंदाजाने नको. पाणी घातल्यावर बघा, कारण ओली माती बरीच जड असते. मग कुंडी कठड्यावरून उतरवून बाल्कनीच्या फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. ऊन कमी पडतं वाटलं तर पाठीमागे पांढरा पुठ्ठा उभा न करता भिंतीलाच पांढरा रंग द्या. पुठ्ठा वाऱ्याने उडतो. खुर्च्या, मुलांचे चेंडू, सायकलचं हेल्मेट, धुण्याची बादली, हे सगळं रात्री आत. कार्तिकात तुळशीचं लग्न लावाल तेव्हा ऊस कठड्याला बांधू नका, आतल्या बाजूला दाराच्या चौकटीला बांधा. पणत्या फरशीवर, परातीत पाणी घेऊन त्यात. तुमच्या इमारतीच्या व्यवस्थापनानेही कठड्यावर काही ठेवायला मनाई केलेली असेल. ते पत्रक वाचा, आणि मुलांना वाचून दाखवा.

आमची तुळस आता खाली आहे. पहिले दोन आठवडे तिने पानं गाळली, मग एका बाजूला झुकून नवी पालवी धरली. दर रविवारी मी कुंडी अर्धा फेरा फिरवून ठेवतो.